रघुजींची तलवार आणि गुंगेरियाचे तांबे

ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनहून मुंबईत आली. स्वागत झाले, प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत ती लोकांना पाहायला ठेवली गेली, वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. त्या रकान्यांत एक आकडा होता, त्यावर मात्र फारसे कोणी थांबले नाही. ४७ लाख १५ हजार रुपये. ही तलवार कोणी परत केलेली नव्हती. २९ एप्रिल २०२५ ला सदबीज या लिलावगृहाच्या लंडनमधल्या लिलावात ती निघाली आणि महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत ती विकत घेतली.

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीसारख्या गावात ही बातमी वाचणाऱ्याचा तिच्याशी असलेला संबंध मुंबईकरापेक्षा जवळचा आहे. भंडारा, पवनी, आंबागड, वैनगंगेच्या काठचा हा सगळा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. इथल्या धानाच्या बांध्यांवरचा सारा त्यांच्याच खजिन्यात जात असे. भोसल्यांच्या शस्त्रागारात जे काही जमले, त्यात झाडीपट्टीच्या शेतकऱ्याचाही वाटा होता म्हणायला हरकत नाही. तेव्हा साऱ्यातून दिलेल्या वस्तूसाठी आता करातून पुन्हा पैसे मोजले गेले. हे योग्य झाले का? आणि योग्य नसेल, तर दुसरे काय करता आले असते?

आधी तलवार पाहू. पाते सरळ, एकधारी आणि युरोपीय बनावटीचे आहे. अशी परदेशी पाती मराठे सरदार आवडीने वापरत आणि अशा पात्याच्या तलवारीला फिरंग म्हणत. मूठ मुल्हेरी घाटाची, तिच्यावर सोन्याचे नक्षीकाम. पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, देवनागरी अक्षरांत सोन्याने मालकाचे नाव आणि ‘सेनासाहेब सुभा’ हा त्यांचा किताब कोरलेला आहे. नाव असलेली शस्त्रे थोडी सापडतात, त्यामुळे तिचे मोल वाढते. हे रघुजी म्हणजे नागपूरच्या गादीचे संस्थापक, १७५५ मध्ये वारलेले.

मग ती लंडनला गेली कशी? कागद नाही. शक्यता दोन-तीन आहेत. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा ईस्ट इंडिया कंपनीने पराभव केला, त्यानंतरच्या धामधुमीत ती हाती लागली असेल. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने संस्थान खालसा केले. त्या वेळी राजवाड्यातला खजिना, जडजवाहीर, जनावरे सगळे कंपनीने ताब्यात घेतले. हत्ती, घोडे, बैल नागपुरातच मातीमोलाने विकले गेले आणि दागिने लिलावासाठी कलकत्त्याला धाडले गेले. राण्यांच्या देखत हे घडले. तलवार तेव्हाही गेली असेल. किंवा मधल्या काळात एखाद्या रेसिडेंटाला नजराणा म्हणून दिली गेली असेल. तशीही पद्धत होती.

या तीन वाटांचे नैतिक वजन सारखे नाही. युद्धातली लूट वेगळी. वारस नाकारून कायद्याचा मुलामा दिलेली जप्ती वेगळी, आणि माझ्या मते ती लुटीपेक्षाही वाईट, कारण तिच्यावर शिक्का आणि सही असते. नजराणा तिसराच; पण ज्याच्या फौजेचा तळ आपल्या राजधानीत पडला आहे, त्याला दिलेली भेट कितपत स्वखुशीची समजायची? वस्तू परत करण्याच्या सगळ्या वादाचा गाभा इथे आहे. वस्तू कशी गेली हे कळल्याखेरीज ती कोणाची हे ठरवता येत नाही. आणि वस्तू विकत घेतली की तो प्रश्न विचारायची गरजच उरत नाही. पावती मिळते, मागचा हिशेब बुडतो.

सरकारची अडचण मला कळते. लिलावाची तारीख ठरलेली, दिवस हाताशी थोडे. ती तलवार एखाद्या खाजगी संग्राहकाच्या दिवाणखान्यात गेली असती तर पुढची पन्नास वर्षे दिसली नसती. एकदा घेतली, ठीक. पण हे धोरण म्हणून चालवले तर प्रत्येक लिलावगृहाला कळेल की मराठी नाव कोरलेल्या पोलादाला हमखास गिऱ्हाईक आहे. भाव चढतील, आणि वस्तू दाबून बसलेल्यांना कागद दाखवायची काही निकड राहणार नाही.

तीनच महिन्यांत याच्या उलट एक प्रकार घडला. उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवा इथे १८९८ मध्ये विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने एक स्तूप खणला होता. आत बुद्धाच्या अस्थी आणि त्यांच्यासोबत अर्पण केलेली रत्ने निघाली. अस्थी सयामच्या राजाला दिल्या गेल्या, रत्नांचा मोठा भाग कलकत्त्याच्या संग्रहालयात गेला आणि काही पेपे कुटुंबाकडे राहिला. तो भाग त्याच लिलावगृहाने मे २०२५ मध्ये हाँगकाँगला विक्रीस काढला. भारत सरकारने कायदेशीर नोटीस पाठवली, जगभरच्या बौद्धांनी आक्षेप घेतला आणि लिलाव थांबला. ३० जुलैला रत्ने भारतात आली. इथेही पैसे मोजले गेलेच, फक्त ते सरकारने नाही तर गोदरेज उद्योगसमूहाने मोजले. तरीही फरक आहे. आधी हक्क सांगितला गेला, बोली बंद पाडली गेली, मग व्यवहार झाला. भंडारा जिल्ह्यात बौद्धांची वस्ती मोठी आहे. त्यांच्या दृष्टीने ती रत्ने पूज्य धातूंचा भाग आहेत, आणि पूजेची वस्तू हातोडी आपटून विकणे यातले ओंगळपण त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

वाघनखांची गोष्ट तिसऱ्याच तऱ्हेची. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली ही वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला आली, पुढच्या वर्षी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातही लोकांनी ती पाहिली. ती आली आहेत तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी. संग्रहालयाला ती ग्रँट डफच्या नातवाकडून मिळाली. जेम्स ग्रँट डफ १८१८ नंतर साताऱ्याला रेसिडेंट होता, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच. वाघनखांची पेटी स्कॉटलंडात बनवलेली आहे आणि तिच्यावर लिहिले आहे की शिवाजीराजांनी याच शस्त्राने मोगल सेनापतीला मारले आणि पेशव्यांच्या कारभाऱ्याने ते डफला दिले. अफजलखान मोगलांचा नव्हता, विजापूरच्या आदिलशाहीचा होता, हे आपल्याकडे चौथीतला पोरही सांगेल. ज्या पेटीवरच्या मजकुरात एवढी मोठी चूक आहे, त्या मजकुरावर किती विसंबायचे? खुद्द संग्रहालयही सांगते की हीच ती १६५९ ची वाघनखे, हे सिद्ध करता आलेले नाही. कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी हाच मुद्दा मांडला तेव्हा त्यांच्यावर टीकाही झाली. माझ्या मते त्यांनी मोलाचे काम केले. भावनेने मागितलेली वस्तू पुराव्यात टिकली नाही, तर पुढच्या खऱ्या मागणीचे वजन कमी होते.

उसनी का, कायमची का नाही, याचे उत्तर इंग्लंडच्या कायद्यात आहे. १९६३ चा ब्रिटिश म्युझियम कायदा आणि १९८३ चा राष्ट्रीय वारसा कायदा यांनी तिथल्या विश्वस्तांचे हात बांधले आहेत. संग्रहातली वस्तू त्यांना, थोडे अपवाद सोडले तर, देऊन टाकता येत नाही. ‘आमची इच्छा आहे हो, पण कायदा आडवा येतो’ हे उत्तर ग्रीसपासून भारतापर्यंत सगळ्यांनी ऐकले आहे. पण हाच कायदा एकदा वाकला. नाझींनी ज्यू कुटुंबांकडून लुटलेली चित्रे ब्रिटिश म्युझियममध्ये निघाली, २००५ मध्ये न्यायालयाने सांगितले की नैतिक जबाबदारी कितीही असली तरी १९६३ चा कायदा ओलांडता येणार नाही. तेव्हा २००९ मध्ये संसदेने त्या एका काळापुरता वेगळा कायदाच करून टाकला. म्हणजे मनात आणले तर वाट निघते. नागपूरच्या राजवाड्यातली जप्ती नाझी लुटीएवढी नव्हती हे मान्य, पण तत्त्व एकच आहे.

आंतरराष्ट्रीय करार म्हणाल तर १९७० चा युनेस्कोचा करार आहे. भारत १९७७ मध्ये त्यात सामील झाला, ब्रिटन २००२ मध्ये. त्याचा जोर १९७० नंतरच्या चोऱ्यांवर. त्याआधी गेलेल्या वस्तूंसाठी त्याचा काही उपयोग नाही. त्यामुळे तमिळनाडूच्या देवळातून अलीकडे चोरलेला नटराज ऑस्ट्रेलियाने २०१४ मध्ये निमूट परत दिला, आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या लुटीवर अजून चर्चाच चालू आहे.

‘तुमच्याकडे वस्तू सुरक्षित राहतील का?’ हा नेहमीचा प्रश्न. ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियमने स्वतःच जाहीर केले की त्यांच्या भांडारातल्या वस्तू वर्षानुवर्षे चोरीला जात होत्या. पुढे सांगितलेला अंदाज दोन हजारांच्या घरातला होता. संचालकांना जावे लागले. त्यामुळे हा प्रश्न विचारण्याचा त्यांचा अधिकार आता थोडा डळमळला आहे. पण तो प्रश्न आपण आपल्याला विचारला पाहिजेच. ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेत जमाव घुसला आणि जुन्या पोथ्यांची, ग्रंथांची नासधूस झाली. ते कोणी इंग्रजाने केले नव्हते.

सुरक्षेपेक्षा मला अवघड वाटतो तो दुसरा प्रश्न: परत करायचे, पण कोणाला? देशाला, राज्याला, गावाला की वंशजांना? बेनिनच्या ब्राँझच्या शिल्पांवरून हा तिढा जगासमोर आला. १८९७ मध्ये इंग्रज सैन्याने आजच्या नायजेरियातले बेनिन शहर लुटले, शिल्पे युरोपभर विकली. जर्मनीने २०२२ मध्ये त्यांची मालकी नायजेरियाला परत दिली. पुढच्याच वर्षी तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केले की ही शिल्पे बेनिनच्या राजाची, म्हणजे ओबाची. युरोपात लगेच कुरकुर सुरू झाली की आम्ही जनतेला दिली होती, राजाला नाही. घरच्या वस्तू घरात आल्यावर कोणत्या खोलीत ठेवायच्या, हे चोरलेल्याने सांगायचे असते का? तरीही आपल्यापुरता प्रश्न खरा आहे. रघुजींचे वंशज नागपुरात आहेत, नागपूरकरांनाही ती तलवार आपल्या शहराची वाटते. माझे मत विचाराल तर तिने मुंबईत थांबू नये. सीताबर्डीची टेकडी जिथून दिसते, तिथे तिने असावे.

आणि एक टोचणारी बाब. या तलवारीचा मालक बंगालवर अनेकदा चालून गेला. १७५१ मध्ये बंगालच्या नवाबाने वर्षाला बारा लाखांची चौथ कबूल केली, तोवर दहा वर्षे भोसल्यांच्या घोडेस्वारांनी तो प्रांत जाळला, लुटला. बंगालमध्ये आजही आया बाळांना झोपवताना त्या बारगिरांची भीती घालतात. बंगाली माणसाने उद्या नागपूरच्या वस्तुसंग्रहालयात येऊन विचारले की आमचे काय काय इथे आहे, तर आपण उत्तर देण्याची तयारी ठेवली पाहिजे. ही तलवार काचेमागे ठेवाल तेव्हा शेजारच्या पाटीवर हेही लिहा. इंग्रजांनी पाटीवर खरे लिहावे असा आग्रह धरणाऱ्याला आपली पाटी कोरी ठेवता येत नाही.

आता वैनगंगेच्या खोऱ्यातलीच एक गोष्ट, जिच्यात तलवार नाही, राजा नाही, म्हणून कोणी तिच्यासाठी सभा भरवत नाही. १८६७ मध्ये भंडारा, शिवनी आणि मंडला जिल्ह्यांचे भाग काढून बालाघाट जिल्हा करण्यात आला. त्या जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावी १८७० मध्ये गुरे राखणाऱ्या दोन पोरांना जमिनीत काहीतरी टोकदार दिसले. खणल्यावर तांब्याच्या ४२४ वस्तू निघाल्या, बहुतेक कुऱ्हाडीसारखी पाती आणि लांब पहारी, आणि त्यांच्यासोबत चांदीचे १०२ पातळ तुकडे, काही गोल चकत्या, काही शिंगे असलेल्या बैलाच्या तोंडासारख्या आकाराचे. तांब्याचेच वजन पावणेचारशे किलोच्या आसपास. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातला हा ठेवा आहे. भारतात इतक्या प्राचीन काळची तांब्याची हत्यारे एका जागी एवढ्या मोठ्या संख्येने क्वचितच सापडली आहेत.

हा ठेवा वाटला गेला. काही वस्तू नागपूरच्या संग्रहालयात राहिल्या, काही लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. युद्ध नव्हते, लूट नव्हती. जिल्ह्याच्या साहेबाने रीतसर अहवाल पाठवला आणि वस्तू रवाना केल्या. गुप्तधनाचा कायदा यायला अजून आठ वर्षे होती. १८७८ च्या त्या कायद्याने दहा रुपयांवरच्या किमतीचे जमिनीत सापडलेले धन कलेक्टरला कळवणे बंधनकारक झाले. म्हणजे गुंगेरियात कोणताही कायदा मोडला गेला नाही. तरीही गावाला कोणी विचारले नाही, कारण गावाला विचारायचे असते हेच त्या राज्यकारभारात बसत नव्हते. ज्या सत्तेने स्वतःला विचारून स्वतःलाच परवानगी दिली, तिची परवानगी नैतिक अर्थाने कितपत धरायची?

माझे उत्तर असे: ही मागणी तलवारीपेक्षा भक्कम आहे. कुठे सापडले ते ठाऊक आहे, कधी, किती, कोणाला, सगळे लिहून ठेवलेले आहे. संच फुटला आहे आणि तो जोडला तर अभ्यासकाला त्यातून जास्त कळेल. भोसल्यांच्या तलवारीसाठी मंत्री लंडनला गेले. गुंगेरियाच्या तांब्यासाठी एक पत्रसुद्धा कोणी पाठवावे अशी अपेक्षा कोणी व्यक्त केल्याचे माझ्या ऐकिवात नाही, याला कारण एवढेच की तांब्याच्या पात्यांवर कोणा राजाचे नाव नाही.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, आपल्या लोकांचा अजब बंगला, १८६३ चे. पवनीचा महाक्षत्रपकुमार रुपिअम्माचा स्मृतिस्तंभ तिथेच आहे. महामहोपाध्याय मिराशींनी त्याचा लेख वाचला आणि पश्चिमेच्या क्षत्रपांचा हात वैनगंगेपर्यंत कसा पोचला होता हे कळले. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून पवनीला जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूर इथे उत्खनन केले, शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली. मौर्य-सातवाहन काळातले भव्य स्तूप, कोरीव दगडी कठडे, दान देणाऱ्यांची नावे असलेले लेख. सांची आणि भारहुतच्या पंगतीतले हे काम. आता दिघोरीच्या शाळेने शेजारच्या पवनीला सहल नेली, तर मुलांना काय दिसते? टेकडी, विटांचे अवशेष, फलक. दगडावरचे कोरीव काम बघायचे तर नागपूरची वाट.

लंडनचे संग्रहालय म्हणते, आमच्याकडे जग येते, तुमच्याकडे कोण येणार? नागपूर पवनीला नेमके हेच म्हणते, फक्त मोठ्याने बोलत नाही. वस्तू खोदून काढणाऱ्यांनी त्या तेव्हा सुरक्षित जागी नेल्या, त्यात त्यांचा दोष नव्हता. पवनीला ठेवायला चार भिंतीही नव्हत्या. पण त्याला आता अर्धे शतक उलटून गेले. जिथे वस्तू सापडली तिथेच छोटे संग्रहालय उभारायचे ही पद्धत सांची, सारनाथ, नागार्जुनकोंडा इथे पूर्वीच रुळलेली आहे. पवनीला तसे सुसज्ज दालन झाले, त्यात नेमलेला माणूस, अग्निरोधक यंत्रणा, पुराच्या पाण्यापासून उंच जागा असली, तर काही मूळ शिल्पे तिथे आणायला नागपूरने आढेवेढे घेऊ नयेत. लंडनला मोठ्या तोंडाने मागायचे असेल तर आधी नागपूरने पवनीला देऊन दाखवावे.

एक शेवटचा दाखला, कारण तो गावाच्या कामाचा आहे. १९७६ मध्ये तमिळनाडूतल्या पत्तूर गावी एका मजुराला जमिनीत नटराजाची मूर्ती सापडली. ती विकली गेली, फिरत फिरत लंडनला पोचली आणि एका कॅनेडियन कंपनीने विकत घेतली. खटला उभा राहिला. पडझड झालेल्या देवळाच्या वतीने दावा मांडला गेला आणि इंग्रज न्यायालयाने १९८८ मध्ये तो मान्य केला, १९९१ मध्ये अपिलातही तो टिकला, मूर्ती परत आली. खटला भावनेवर जिंकला गेला नाही. मूर्ती त्याच देवळाच्या आवारातली आहे हे माती, धातू आणि सोबत पुरलेल्या इतर मूर्ती यांच्या पुराव्याने दाखवून दिले म्हणून जिंकला.

तेव्हा भंडारा जिल्ह्यातल्या वाचकांना विनंती आहे. शेत नांगरताना, बोडी खोल करताना, विहीर खणताना किंवा घराचा पाया घेताना कोरीव दगड, नाणी, तांब्याचे तुकडे, मूर्ती, अक्षरे असलेली शिळा असे काही हाती आले तर ते घासून चकचकीत करू नका, शेंदूर फासू नका आणि भंगारवाल्याला दाखवू नका. आहे त्या जागेवर फोटो काढा. गाव, गट क्रमांक, तारीख, किती खोलीवर सापडले, सोबत काय होते, हे एका कागदावर लिहा. तो कागद ग्रामपंचायतीत नोंदवून तहसीलदारांना कळवा आणि पोच घ्या. देवळातल्या, बुद्धविहारातल्या, पारावरच्या जुन्या मूर्तींचेही चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, उंची मोजून लिहा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती देशाबाहेर नेणे गुन्हा आहे, पण ती मूर्ती तुमच्याच गावची होती हे सिद्ध करायला त्या फोटोखेरीज दुसरे काही नसेल.